प्रत्यारोपणाआधी स्टेम सेल मोजण्याच्या पद्धती: आपल्या लॅबमध्ये तुलना नेमकी कशी करायची

एकच सॅम्पल दोन पद्धतींनी मोजलं, आलेखावर ठिपके एका रेघेत आले, सहसंबंधाचा आकडा ०.९५ निघाला, फाइल बंद. स्टेम सेलच्या काउंटची तुलना बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच थांबते. मग एखाद्या सकाळी त्याच रुग्णाचा सीडी३४ (स्टेम सेलवरची खूण, तिच्यावरूनच त्या मोजतात) एका पद्धतीने ९ आणि दुसऱ्या पद्धतीने १६ येतो. अफेरेसिसच्या (रक्तातून स्टेम सेल मशीनने वेगळ्या काढण्याच्या) खोलीतून दर पाच मिनिटांनी फोन येऊ लागतात, आणि कुठला आकडा धरायचा हे लॅबमध्ये कोणालाच सांगता येत नाही.

हा लेख नागपुरातल्या आणि एकूणच विदर्भातल्या टेक्निशियन, पॅथॉलॉजीचे रेसिडेंट आणि ब्लड सेंटरमध्ये काम करणाऱ्यांसाठी आहे. फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी लेसरसमोरून एकेक करून मोजणारं मशीन) चालवता येतो आणि सीबीसी काउंटरची (रक्तपेशींची संख्या देणाऱ्या मशीनची) सवय आहे, असं धरून चाललो आहे. पद्धत कोणती 'चांगली' यावर वाद घालण्याआधी दोन्ही पद्धतींना एकच रक्त, एकच वेळ आणि एकच प्रश्न मिळाला का, हे पाहायचं असतं. बहुतेक तुलना इथेच फसतात, मशीनवर नाही.

## टप्पा १: आकडा कुठल्या निर्णयासाठी हवा ते आधी लिहा

कागद घ्या आणि तुमच्या लॅबमधून सीडी३४चा आकडा कुठे कुठे जातो ते लिहा. साधारण तीन ठिकाणं निघतील.

पहिलं, अफेरेसिस सुरू करायची की थांबायचं. स्टेम सेल रक्तात आणणाऱ्या जी-सीएसएफची इंजेक्शनं (नेहमीचा डोस १० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रतिदिन) चार-पाच दिवस दिल्यावर रुग्णाच्या किंवा डोनरच्या रक्तात दर मायक्रोलिटरला किती सीडी३४ पेशी आहेत हे सकाळी पाहतात. बहुतेक केंद्रं १० ते २० च्या दरम्यान आपली रेघ ठेवतात. दहाच्या खाली असेल तर थांबणं किंवा प्लेरिक्साफोर (स्टेम सेल रक्तात आणणारं दुसरं औषध) देणं, असा विचार होतो.

दुसरं, बॅगेत पुरेशा पेशी आल्या का. स्वतःच्याच पेशींच्या प्रत्यारोपणासाठी किमान २० लाख सीडी३४ पेशी प्रति किलो हव्यात, आणि ४० ते ५० लाख मिळाल्या तर डॉक्टर निश्चिंत होतात.

तिसरं, गोठवलेली बॅग वितळवल्यावर जिवंत किती उरल्या.

बोन मॅरो आणि नाळेतल्या रक्ताचा हिशेब वेगळा आहे. तिथे आधी एकूण केंद्रकयुक्त पेशी पाहतात: मॅरोसाठी साधारण २० ते ४० कोटी प्रति किलो, नाळेच्या रक्तासाठी किमान अडीच कोटी प्रति किलोच्या आसपास. हे सॅम्पल आणि अफेरेसिसचं सॅम्पल एकाच तुलनेत घालू नका.

तपासा: प्रत्येक निर्णयापुढे 'उत्तर किती वेळात हवं' हेही लिहिलं का? पहिल्या निर्णयाला तासाभरात उत्तर लागतं. त्यामुळे काही पद्धती इथेच बाद होतात.

## टप्पा २: कुठल्या पद्धती समोर ठेवायच्या

काउंटरवरची एकूण पेशींची किंवा मोनोन्यूक्लिअर पेशींची संख्या. स्वस्त आणि झटपट. पण जी-सीएसएफनंतर पांढऱ्या पेशी ५०,००० झाल्या तरी सीडी३४ वाढलेल्याच असतील असं नाही. रुग्णाच्या रक्तासाठी हिच्यावर निर्णय घेऊ नका.

दोन मशीनची पद्धत (ड्युअल प्लॅटफॉर्म). फ्लोवर सीडी३४ची टक्केवारी काढायची आणि ती सीबीसी काउंटरच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येशी गुणायची. इथे दोन्ही मशीनच्या चुका एकत्र येतात. आपल्या भागात एक जादा अडचण आहे. सिकल सेल आणि थॅलेसेमियाच्या रक्तात केंद्रक असलेल्या लाल पेशी असतात आणि जुने काउंटर त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतात. शिवाय टार्गेट सेलसारख्या काही लाल पेशी लायसिंगला (लाल पेशी फोडण्याच्या पायरीला) लवकर दाद देत नाहीत. पांढऱ्या पेशींचा आकडा फुगला की सीडी३४ही तितकाच फुगतो, आणि हे फ्लोच्या आलेखावर कुठेच दिसत नाही.

एका मशीनची पद्धत (सिंगल प्लॅटफॉर्म), बीड्ससह, म्हणजे चमकणाऱ्या बारीक मण्यांसह. ट्यूबमध्ये किती बीड्स आहेत ते आधीच ठाऊक असतं. बीड्स आणि पेशी एकत्र मोजून त्यांच्या प्रमाणावरून थेट संख्या काढतात. इशाज (सीडी३४ मोजण्याचे आंतरराष्ट्रीय) नियमांनुसार गेटिंग, म्हणजे आलेखावर हव्या त्या पेशी वेगळ्या आखणं, जोडीला ७-एएडी (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग), आणि धुणं अजिबात नाही. आज संदर्भ पद्धत म्हणून हीच धरतात. तुमच्या तुलनेतही एका बाजूला हीच असू द्या.

आकारमान मोजणारे फ्लो सायटोमीटर. हे किती मायक्रोलिटर ओढलं ते स्वतःच मोजतात, म्हणून बीड्स लागत नाहीत. पैसे वाचतात, पण नळी किंचित तुंबली तरी आकडा घसरतो.

काउंटरवरचा एचपीसी (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) चॅनेल. काही नव्या हेमॅटॉलॉजी काउंटरवर, उदाहरणार्थ सिस्मेक्सच्या एक्सएन मालिकेत, हा मिळतो. अँटिबॉडी लागत नाही, काही मिनिटांत आकडा हातात. मात्र एचपीसी म्हणजे सीडी३४ नव्हे. दोघं बरोबरीने चढतात-उतरतात, पण आकडे एकास एक जुळतीलच असं नाही.

कॉलनी मोजणं (सीएफयू). मिथाइलसेल्युलोजमध्ये ३७ अंशांवर पेशी साधारण १४ दिवस वाढवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॉलनी मोजायच्या. पेशी खरोखर वाढतात का हे फक्त हीच पद्धत दाखवते. दोन आठवडे आणि मोजणाऱ्यागणिक पडणारा फरक यामुळे सकाळच्या निर्णयाला तिचा उपयोग नाही. गोठवलेल्या बॅगा आणि नाळेचं रक्त यांच्यासाठी ती राखून ठेवा.

## टप्पा ३: तयारी, आणि नागपूरचा उन्हाळा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

खोलीचं तापमान. रंगवण्याच्या आणि लायसिंगच्या वेळा २० ते २५ अंश धरून ठरवलेल्या असतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या वर जातो. नवतप्यात एसी दुपारी हार मानतो आणि बेंचवर ३१-३२ अंश सहज होतात. त्या तापमानाला दहा मिनिटांचं लायसिंग म्हणजे पेशींना जरा जास्तच मार. बेंचवर थर्मामीटर ठेवा आणि प्रत्येक बॅचच्या कागदावर तापमान लिहा. तुलनेतली निम्मी सॅम्पल मे महिन्यातली आणि निम्मी डिसेंबरातली असतील, तर पद्धतींच्या फरकाच्या नावाखाली तुम्ही ऋतूंचाच फरक मोजत असाल.

कूलर नको. एसी बिघडला म्हणून लॅबच्या दाराशी डेझर्ट कूलर लावण्याची आपल्याकडे रीत आहे. माणसांना बरं वाटतं, बीड्सना नाही. काही किटमध्ये बीड्सची सुकी गोळी ट्यूबच्या तळाशी असते आणि त्या ट्यूब फॉइलच्या पाकिटात ओलावा शोषणाऱ्या पुडीसह येतात. पाकीट उघडं राहिलं आणि हवा दमट असली की पुडीचा रंग बदलतो. रंग बदललेल्या पाकिटातली ट्यूब वापरायची नाही. पाकीट उघडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहा.

पिपेट. एका मशीनच्या पद्धतीचा सगळा हिशेब पिपेटने किती ओढलं यावर उभा आहे. १०० मायक्रोलिटरच्या जागी ९२ गेलं तर आकडा ८ टक्क्यांनी कमी येईल आणि मशीन काही बोलणार नाही. तुलना सुरू करण्याआधी पिपेट वजनावर तपासून घ्या: चार दशांश स्थळांच्या काट्यावर १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी दहा वेळा टाका आणि सरासरी व पसारा काढा. वर्षातून एकदा मिळणाऱ्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर विसंबू नका.

अँटिबॉडी. सीडी३४साठी तिसऱ्या वर्गाचा क्लोन, म्हणजे अँटिबॉडीचा विशिष्ट प्रकार (८जी१२, ५८१ असे), आणि पीई रंग वापरा. पहिल्या वर्गाचे क्लोन काही सीडी३४ पेशींना चिकटतच नाहीत. सीडी४५चा (पांढऱ्या पेशींवरच्या खुणेचा) क्लोन त्या प्रथिनाची सगळी रूपं पकडणारा हवा. पीई उजेडाने फिका पडतो, म्हणून ट्यूब अंधारात.

कंट्रोल. स्थिर केलेलं कंट्रोल रक्त दोन पातळ्यांवर मिळतं, कमी आणि जास्त. फक्त जास्त पातळीचं चालवून समाधान मानू नका, कारण निर्णय कमी पातळीवर होतात.

सावधान: तुलना सुरू असताना अँटिबॉडी किंवा बीड्सचा लॉट बदलला, तर दोन्ही लॉटवर तीच सॅम्पल चालवून पाहा. नाही तर अर्ध्या वाटेवर मोजपट्टीच बदललेली असेल.

## टप्पा ४: सॅम्पल, दोघांसाठी एकच

रुग्णाचं रक्त ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) घ्या. दोन पद्धतींसाठी दोन वेगळ्या ट्यूब भरू नका. एकाच ट्यूबमधून दोन्हीकडे सॅम्पल जाऊ द्या, आणि दोन्ही मोजण्या दोन तासांच्या आत उरका. सकाळी सात वाजता काउंटरवर आणि दुपारी दोन वाजता फ्लोवर मोजलेली जोडी तुलनेत घेऊ नका.

धंतोली किंवा रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून सॅम्पल वर्धा रोडवरच्या लॅबला येत असेल, तर ते कुरिअरवाल्याच्या दुचाकीच्या डिकीत टाकू नका. भर उन्हात डिकी आतून भट्टीसारखी तापते. बॉक्समध्ये कूल पॅक ठेवा, पण ट्यूब पॅकला थेट टेकू देऊ नका. मध्ये कापड किंवा थर्माकोल हवा. गोठलेलं सॅम्पल आणि भाजलेलं सॅम्पल दोन्ही मेलेल्या पेशीच दाखवतात.

बॅगेचं सॅम्पल घेण्यात सर्वात जास्त चुका होतात. अफेरेसिस संपल्यावर बॅगेतल्या पेशी तळाला बसतात, आणि बॅगेच्या नळीत अडकलेलं रक्त बॅगेतल्या रक्ताशी जुळेलच असं नाही. म्हणून क्रम असा:

१. बॅग दोन्ही हातांवर उलटसुलट हलवा, घाई न करता, किमान दहा वेळा.
२. नळी स्ट्रिपरने बॅगेच्या दिशेने रिकामी करा, पुन्हा भरू द्या. हे दोन-तीन वेळा करा.
३. आता सॅम्पल घ्या आणि वेळ लिहा.
४. बॅगेचं वजन करा, रिकाम्या बॅगेचं वजन वजा करा, घनतेने (सुमारे १.०५) भागून मिलिलिटर काढा. मशीनच्या पडद्यावरचा आकडा तसाच उतरवू नका.

तपासा: दोन्ही मोजण्यांच्या नोंदीत एकच बारकोड, एकच सॅम्पलिंगची वेळ आहे ना?

बॅगेत पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला दोन-अडीच लाखांपर्यंत असू शकतात. इतकं दाट सॅम्पल रंगवलं तर अँटिबॉडी पुरत नाही आणि मशीनवर पेशी एकमेकींवर आदळतात. पातळ करून २०,००० च्या आसपास आणा. पातळ करायला प्रथिन घातलेलं पीबीएस (पेशींना न बिघडवणारं मिठाचं द्रावण) वापरा, आणि पातळीकरण एकाच टप्प्यात, मोठ्या आकारमानाने करा. १० मायक्रोलिटर सॅम्पल आणि ९० मायक्रोलिटर पीबीएस यापेक्षा १०० आणि ९०० केव्हाही बरं.

## टप्पा ५: रंगवणं आणि लायसिंग

हा क्रम पाळा. मध्ये चहाला जाऊ नका.

१. ट्यूबमध्ये आधी अँटिबॉडी आणि ७-एएडी.

२. सॅम्पल उलट्या पिपेटिंगने टाका. म्हणजे बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून सॅम्पल ओढायचं आणि सोडताना फक्त पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं. टिपमध्ये उरलेलं टाकून द्यायचं. टिपची बाहेरची बाजू टिश्यूने पुसायची, टोक मात्र नाही.

३. ट्यूबच्या भिंतीला रक्ताचा थेंब लागला तर तो कोरड्या कापसाच्या काडीने टिपून घ्या. तो थेंब रंगत नाही, नंतर लायसिंगबरोबर खाली येतो आणि आकडा खाली ओढतो.

४. अंधारात २० मिनिटं.

५. अमोनियम क्लोराइड २ मिलिलिटर, दहा मिनिटं. फिक्सेटिव्ह असलेलं लायसिंग नको, कारण ७-एएडीला जिवंत आणि मेलेली पेशी वेगळी ओळखता आली पाहिजे. सिकल किंवा थॅलेसेमियाच्या सॅम्पलमध्ये दहा मिनिटांनीही द्रव गढूळ दिसला, तर आणखी थोडा वेळ द्या आणि तसं नोंदवा.

६. ट्यूब बर्फावर, आणि तासाभरात मशीनवर.

७. बीड्स द्रवरूपात असतील तर बाटली नीट ढवळून, त्याच पिपेटने, तितकंच आकारमान, अगदी मशीनवर नेण्याआधी टाका. बीड्सची गोळी आधीच ट्यूबमध्ये असेल तर टिप त्या गोळीला लावू नका.

सावधान: धुवायचं नाही. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ओतलं की बीड्स आणि पेशी वेगवेगळ्या प्रमाणात वाहून जातात आणि प्रमाणाचा हिशेब मोडतो. इतर इम्युनोफिनोटायपिंगमध्ये धुण्याची सवय असलेले हात इथे हमखास चुकतात.

प्रत्येक सॅम्पलच्या दोन ट्यूब करा. दोघांत सरासरीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तिसरी लावा. खर्च वाढतो, मान्य. पण त्या दोन ट्यूबनाच पिपेटची चूक पकडता येते.

## टप्पा ६: मशीनवर किती मोजायचं, आणि गेट कुठे टाकायचे

आधी थ्रेशोल्ड, म्हणजे मशीनने कशाची दखल घ्यायची याची किमान पातळी. तो सीडी४५वर ठेवा, फॉरवर्ड स्कॅटरवर (आकार दाखवणाऱ्या मापावर) नाही. बीड्स आकाराने लहान दिसतात. फॉरवर्ड स्कॅटरवर थ्रेशोल्ड चढवला तर काही बीड्स मोजल्याच जात नाहीत, भाजक लहान होतो आणि सीडी३४ खोटा वाढतो.

मग गेटचा क्रम. सीडी४५ आणि साइड स्कॅटरच्या (पेशी आतून किती कणीदार ते दाखवणाऱ्या मापाच्या) आलेखावर सगळ्या सीडी४५ पेशी घ्या, फिकट रंगलेल्याही. त्यांतून सीडी३४ रंगलेल्या. त्यांतून सीडी४५ फिकट आणि साइड स्कॅटर कमी असलेला पुंजका. शेवटी फॉरवर्ड स्कॅटरवर तो पुंजका लिम्फोसाइटइतक्या किंवा किंचित मोठ्या आकाराचा आहे का ते पाहा. ७-एएडी रंगलेल्या बाजूला काढा.

पुंजका हा शब्द लक्षात ठेवा. ठिपके विखुरलेले असतील, एकत्र जमून दिसत नसतील, तर ते बहुधा अँटिबॉडी उगाच चिकटलेल्या मेलेल्या पेशी असतात. पहिला गेट फार घट्ट आवळला की सीडी४५ फिकट असलेल्या खऱ्या स्टेम सेलच बाहेर राहतात. नवीन माणूस हा गेट लिम्फोसाइटभोवती काढतो, कारण रोजच्या कामात हात तसा बसलेला असतो.

आता किती मोजायचं. इशाज नियमांत किमान ७५,००० सीडी४५ पेशी आणि किमान १०० सीडी३४ पेशी असं दोन्ही सांगितलं आहे. लोक पहिलं लक्षात ठेवतात आणि दुसरं विसरतात. हिशेब करून पाहू.

समजा रुग्णाच्या पांढऱ्या पेशी ३०,००० आहेत आणि सीडी३४ नेमका १०. म्हणजे ३,००० पेशींत एक. ७५,००० पेशी मोजल्यावर सीडी३४ पेशी सापडतील साधारण २५. मोजणीच्या नियमाने २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे निव्वळ नशिबाने होणारी चूक २० टक्के. खरा आकडा १० असताना तुम्हाला ६ ते १४ यांतलं काहीही दिसू शकतं. नेमक्या याच पट्ट्यात अफेरेसिसचा निर्णय आहे. १०० सीडी३४ पेशी हव्या असतील तर इथे ३ लाख पेशी मोजाव्या लागतील. मशीन आणखी काही मिनिटं चालेल, बस.

दोन पद्धतींची तुलना करताना एकीकडे २५ पेशी आणि दुसरीकडे १०० मोजल्या असतील, तर दिसणारा फरक पद्धतीचा नाही, मोजणीचा आहे.

तपासा: बीड्स किमान १,००० मोजल्या गेल्या का? सीडी३४ पेशी १०० झाल्या का? बॅगेच्या सॅम्पलनंतर ब्लीच आणि मग पाण्याची ट्यूब चालवली का? बॅगेनंतर लगेच रुग्णाचं रक्त चालवलं तर मागच्या पेशी पुढच्या आकड्यात येतात.

## टप्पा ७: आकडेमोड

सूत्र साधं आहे: जिवंत सीडी३४ पेशी भागिले मोजलेल्या बीड्स, गुणिले बीड्सची सांद्रता, गुणिले पातळीकरण.

बॅगेचं एक उदाहरण. सीडी३४ पेशी १,२००, बीड्स १०,०००, बीड्सची सांद्रता दर मायक्रोलिटरला १,०००, सॅम्पल दहापट पातळ, बीड्स आणि सॅम्पल सारख्याच आकारमानाने. उत्तर १,२०० पेशी प्रति मायक्रोलिटर. बॅगेत २२० मिलिलिटर, म्हणजे एकूण २६ कोटी ४० लाख. रुग्ण ६० किलोचा. डोस ४४ लाख प्रति किलो.

तीच बॅग दोन मशीनच्या पद्धतीने मोजू. टक्केवारी ०.६, पांढऱ्या पेशी खरोखर २ लाख असतील तर उत्तर तेच १,२००. पण काउंटरने केंद्रकयुक्त लाल पेशी धरून २ लाख ३० हजार दाखवल्या, तर १,३८०, आणि डोस ५० लाख ६० हजार. एका पद्धतीत ५० लाखांचं लक्ष्य हुकलं, दुसरीत गाठलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अफेरेसिस करायची की नाही हे या फरकावर ठरतं.

इथे दोन गोष्टी सर्रास चुकतात. एक, एका पद्धतीचा आकडा जिवंत सीडी३४चा आणि दुसरीचा एकूण सीडी३४चा असतो, आणि रिपोर्टवर तसं लिहिलेलं नसतं. ताज्या रक्तात फरक थोडा दिसतो, वितळवलेल्या बॅगेत प्रचंड. दोन, ट्रिपॅन ब्लूची (सगळ्या पेशींची जिवंतता पाहण्याच्या रंगाची) टक्केवारी सीडी३४ला लावतात. वितळवल्यावर आधी मरतात त्या ग्रॅन्युलोसाइट, स्टेम सेल बऱ्याच तग धरतात. सगळ्या पेशींची ६० टक्के जिवंतता सीडी३४ला लावली तर चांगली बॅग वाईट ठरते. सीडी३४ची जिवंतता ७-एएडीने त्याच गेटमध्ये पाहा.

रुग्णाचं कुठलं वजन धरायचं, प्रत्यक्ष की आदर्श, हे प्रत्यारोपणाच्या टीमकडून लेखी घ्या.

## टप्पा ८: खरी तुलना

आधी प्रत्येक पद्धत स्वतःशी तरी जुळते का ते पाहा. एक सॅम्पल, शक्यतो १० ते २० च्या दरम्यानचं, एकाच बैठकीत दहा वेळा तयार करा आणि मोजा. दहा ट्यूब, दहा पिपेटिंग. एकच ट्यूब दहा वेळा मशीनवर चालवून उपयोग नाही, त्यात पिपेटची चूक लपते. स्वतःशीच जुळत नसलेल्या पद्धतीची दुसरीशी तुलना करत बसू नका.

मग किमान ४० सॅम्पल जमवा. शहराचा व्याप पाहता एका केंद्राला याला बरेच महिने लागतील. म्हणूनच घाईने बॅगेची सॅम्पल भरण्याचा मोह होतो, कारण ती हमखास मिळतात. तो आवरा. रुग्णाच्या रक्ताची सॅम्पल वेगळी, बॅगेची वेगळी, आलेखही वेगळे. ५ पासून ५,००० पर्यंतचे आकडे एका आलेखावर टाकले की कुठल्याही दोन पद्धती सरळ रेघेत दिसतात. सहसंबंध ०.९८ येतो आणि सगळे खूश. पण खालच्या कोपऱ्यात, जिथे १० आणि २० आहेत, तिथे ठिपके एकमेकांवर चढलेले असतात आणि फरक डोळ्याला दिसत नाही.

रुग्णाच्या रक्ताच्या सॅम्पलपैकी निम्मी तरी ५ ते ४० च्या दरम्यानची असू द्या. मोजणाऱ्या दोघांना एकमेकांचे आकडे कळू देऊ नका. एकाच टेबलावर बसून हे जमत नाही, शेजारच्या पडद्यावर नजर जातेच.

विश्लेषणात तीन गोष्टी करा. ब्लँड-आल्टमन आलेख, टक्क्यांतल्या फरकाचा. पासिंग-बाब्लोक रेघ, म्हणजे एक पद्धत सतत वर आहे की प्रमाणात वर आहे ते कळतं. आणि तिसरा, माझ्या मते सर्वात कामाचा, चार घरांचा साधा तक्ता: संदर्भ पद्धतीने १० च्या वर किंवा खाली, नव्या पद्धतीने १० च्या वर किंवा खाली.

त्या तक्त्यातली दोन चुकीची घरं सारख्या किमतीची नाहीत. नवी पद्धत खोटं 'कमी' सांगते तेव्हा रुग्णाला आणखी एक दिवस इंजेक्शन किंवा महागडं प्लेरिक्साफोर उगाच मिळतं. खोटं 'जास्त' सांगते तेव्हा रुग्ण काही तास मशीनला जोडलेला राहतो आणि बॅग अर्धीच भरते. या दोन्हींपैकी कुठली चूक किती चालेल हे लॅबने एकटीने ठरवायचं नाही. तक्ता घेऊन हेमॅटॉलॉजिस्टकडे जा आणि त्यांच्या सहीने मर्यादा ठरवा. हे सगळं आकडे हाती येण्याआधी ठरलेलं असावं, नाही तर मर्यादा आकड्यांना बघून वाकते.

## टप्पा ९: काय कुठे वापरायचं

एचपीसी चॅनेलची तुलना नीट निघाली तरी त्याला सीडी३४च्या जागी बसवू नका. दोन रेघा आखा. वरच्या रेघेच्या पुढे असेल तर फ्लोची वाट न पाहता अफेरेसिस सुरू करा. खालच्या रेघेखाली असेल तर थांबा. मधल्या पट्ट्यातलं प्रत्येक सॅम्पल फ्लोवर पाठवा. या दोन्ही रेघा तुमच्याच तक्त्यातून आल्या पाहिजेत. दुसऱ्या शहरातल्या लॅबच्या शोधनिबंधातल्या रेघा तुमच्या काउंटरला लागू पडतीलच असं नाही.

बॅगेच्या डोसचा अंतिम आकडा एका मशीनच्या पद्धतीनेच द्या. किट संपलं म्हणून एखाद्या दिवशी दोन मशीनची पद्धत वापरावी लागली, तर रिपोर्टवर पद्धत स्पष्ट लिहा आणि केंद्रकयुक्त लाल पेशींची दुरुस्ती केली की नाही तेही लिहा.

सिकल सेलच्या रुग्णाला स्वतःला जी-सीएसएफ देणं धोक्याचं आहे, हे लॅबलाही माहीत असावं. मात्र त्याचा भाऊ किंवा बहीण, सिकल ट्रेट असलेली, डोनर म्हणून येऊ शकते. अशा डोनरचं सॅम्पल आलं तर रिक्विझिशनवर 'एएस' लिहून मागा, म्हणजे लायसिंगकडे आधीच लक्ष जाईल. तुलनेच्या ४० सॅम्पलमध्ये अशी काही सॅम्पल मुद्दाम घ्या. विदर्भात ती मिळतात, आणि तुमच्या पद्धतीची खरी परीक्षा त्यांच्यावरच होते.

बाहेरच्या गुणवत्ता चाचणीत नाव नोंदवा. ब्रिटनच्या यूके नेकास संस्थेचा सीडी३४साठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. त्यांचं सॅम्पल आलं की ते सर्वात अनुभवी टेक्निशियनकडे देऊ नका. त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्यालाच करू द्या, आणि रात्रपाळीच्या माणसालाही वर्षातून एकदा तरी त्याच सॅम्पलची दुसरी ट्यूब लावायला सांगा.